मासा की मशरूम

श्रूजबरी,
१२ ऑक्टोबर २०२५

चि. वल्लरीस अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं ठीक. अंगणातली पानं गोळा करून माझी पाठ धरली आहे, बाकी मजेत. वेदबाळाची सर्दी गेली का? आईच्या फोनवर त्याचे व्हिडिओ बघतो. म्हणजे ती बघते, मी जाता-येता मागून डोकावतो.

काल आमच्या लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली. सिद्धेश पार्सिपनीहून आला आणि आम्हाला डोंगरातल्या एका कंट्री हाउस हॉटेलात जेवायला घेऊन गेला. कुणा गिरणीमालकाचा जुना बंगला, पुढे हे एवढं लॉन. सात कोर्सेस! पहिल्यात काय आलं असेल? परातीएवढ्या प्लेटमध्ये एक शिंपला आणि त्यावर फेस. मी म्हटलं, "सिद्धेश, हा नैवेद्य दिसतोय, आपलं पान कधी येणार?" आई खूप हसली. भोपळ्याचं सूप मात्र झकास होतं.

पण माझं लक्ष लागेना. दोनदा उठून लॉनवर उगाच फेऱ्या मारून आलो. आई म्हणाली, "अहो, भरल्या पानावरून असं उठू नये."

कारण लिहायला घेतलं आणि तीन कागद फाडले. हा चौथा.

तिथे प्रत्येकापुढे नावाचं कार्ड ठेवलं होतं, आणि कोण मासा खाणार, कोण मशरूम, हे सिद्धेशने आधीच कळवलं होतं. ते पाहिलं आणि तुझ्या लग्नाचं कार्ड आठवलं.

तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं, बीपी वाढलंय, टेक्सासपर्यंत विमानप्रवास नको. साफ खोटं. बीपी एकशे अठरा होतं. तुझ्या डॅनियलबद्दलही तक्रार नव्हती. पोरगा गुणाचा आहे. मला झोंबलं ते कार्ड. येणार की येणार नाही, मासा की मशरूम, खूण करून परत पाठवा. अगं, पोटच्या पोरीने बापाला विचारायचं, लग्नाला येणार का म्हणून? मुलीचा बाप काय पाहुणा असतो? मनात म्हटलं, फोन करून "बाबा, या" म्हणेल तेव्हाच जाईन. तू कार्डाची वाट बघत राहिलीस, मी फोनची. चाळीस वर्षं या देशात काढली, लोकांची असली कार्डं ढिगाने भरली, आणि तुझंच तेवढं भरलं नाही. गाढव आहे मी.

जेवताना सिद्धेश म्हणाला, "आई, वेदच्या उष्टावणाची तिकिटं बुक केली. दोन." मामा खीर भरवणार, आजी बघणार. मला कोणी विचारलंसुद्धा नाही. रागावणार तरी कुणावर? न येणारा माणूस ही ख्याती माझी मीच करून ठेवली आहे.

तेवढ्यात आईने पर्समधून एक चुरगळलेलं कार्ड काढलं आणि माझ्या प्लेटपुढे ठेवलं. त्यावर तुझ्या अक्षरात 'बाबा'.

"तीन वर्षं जवळ बाळगतेय," ती म्हणाली. "लग्नात वल्लीच्या शेजारच्या खुर्चीपुढे होतं. वेटर प्लेट उचलायला आला, तर पोरीने हात लावू दिला नाही. शेवटपर्यंत तुमचं पान मांडलेलं होतं."

वल्ली, मी तिथे चारचौघांत रडलो. वेटर बिचारा घाबरला, म्हणाला, "सर, मासा बदलून देऊ का?"

चुकलो गं. तुझ्या लग्नाचा दिवस मला परत मिळायचा नाही, आणि तुलाही. तो मी घालवला.

उत्तराचं ते न भरलेलं जुनं कार्ड मी फेकलं नव्हतं, टेबलाच्या खणात होतं. सोबत पाठवतोय. उत्तराची तारीख कधीच उलटून गेली, माहीत आहे. तरी 'येणार'पुढे खूण केली आहे, निळ्या पेनाने. मासा नको, मशरूम नको. वेदच्या वाटीत चमचाभर खीर उरली तर ती दे.

तिसरं तिकीट अजून काढलेलं नाही. शनिवारी सकाळी मी फोन करीन. तुझ्या फोनची वाट बघत बसणार नाही. तू नको म्हणालीस, तर तो तुझा हक्क आहे, मी रुसणार नाही.

तुझ्या शेजारच्या खुर्चीवर उशिरा येऊ बघणारा,
बाबा