पूर्ण बाह्या

अकोला, मंगळवार, संध्याकाळ

सकाळी भाचीला आणि तिच्या नवऱ्याला घेऊन विवाह-समुपदेशकाकडे गेले. भिंतीवर रविवारच्या कोर्सचं प्रमाणपत्र. मी विचारलं, "मानसशास्त्र शिकलात?" ते हसले. "बाई, किती संसार जोडले म्या. डिग्रीले काय चाटाचं?"

दोघांना एकत्रच बसवलं. नवऱ्यासमोर ती काय बोलणार? कॉन्व्हेंटात आमच्या सिस्टर रडणाऱ्या मुलीला आधी एकटीला जवळ घ्यायच्या. आणि एवढ्या उन्हात पोरीच्या पूर्ण बाह्या. त्यांना दिसल्या नाहीत? "जा, नांदा," म्हणाले.

दुपारी ती नवऱ्यासोबत सासरी, तेल्हाऱ्याला गेली. निघताना मी दंडाला धरलं, तर कळवळली. पूर्ण बाह्या. मी का जाऊ दिलं?

आत्ता फोन लावला. जावयानेच उचलला. "ते झोपली, मावशी."

अजून दिवेलागणही झालेली नाही.