आपल्यात कसली पावती

जयपूर, शुक्रवार, १ फेब्रुवारी २००८

वर भाड्यानं राहणारी अश्विनी संध्याकाळी आली, तोंड उतरलेलं. सी-स्कीम भागातल्या बँकेनं तिला घरासाठी कर्ज नाकारलं. क्रेडिट रिपोर्ट कोरा आहे म्हणे. कधी कार्ड घेतलं नाही, कर्ज काढलं नाही. म्हणजे कुणाचं काही बुडवलं नाही, हाच दोष?

भाडं वेळेवर भरल्याच्या पावत्या असतील तर बघू, असं बँकेतले साहेब तिला म्हणाले. "काकू, पाच वर्षांच्या द्याल?"

पावत्या. राहायला आली तेव्हा तिनं पावती मागितली होती. मीच म्हटलं, "अगं, परमुलखात आपण दोन मराठी माणसं, आपल्यात कसली पावती?" किती बरं वाटलं होतं तिला. खरं तर मला भाडं टॅक्समध्ये दाखवायचं नव्हतं. दर एक तारखेला ती देवघराशी पाकीट ठेवून जाते, एकदाही चुकली नाही. पण हे माझ्याशिवाय कुणाला माहीत आहे?

"मुलाला विचारून सांगते," म्हणाले. "हो काकू, घाई नाही," म्हणाली आणि नेहमीसारखं पाकीट ठेवून वर गेली.

मुलाला काय विचारायचंय? भाडं तर मीच घेत आले.

पाकीट अजून देवघराशीच आहे. उचलायला हात धजत नाही.