भावजी उत्तम मयत आहेत

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (दोन पलंग आणि आमच्या बॅगा यांच्यामध्ये साष्टांग घालायला जागाच नाही, तेव्हा मान लववली असं समज.) तुझी कंबर आता कशी आहे? भाच्याची परीक्षा कशी गेली? इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत, म्हणजे भावजी खुशाल आहेत. माझं काय झालं ते लिहितो.

निघताना तू बजावलं होतंस, की रिटायर झाल्यापासून हे नुसते पंख्याकडे बघत बसतात, क्रिकेटच्या निमित्ताने परदेश बघतील, चार माणसांत बोलते होतील, पण त्यांना एकटं म्हणून सोडायचं नाही. ते मी पाळलं आणि त्यातच माझा घात झाला. वर्षभराची रजा साठवून, टीमचा शर्ट घालून, आपल्या टीमच्या मागे इथवर आलेल्या या तुझ्या भावाने अजून आपल्या एकाही खेळाडूला बॅट धरलेलं पाहिलेलं नाही. विमानतळावर एकाची पाठ दिसली होती. ती मसाजवाल्याची निघाली.

पहिली मॅच पावसाने धुऊन नेली. घरमालकीण म्हणाली, मग आमची संस्कृती तरी बघा. कोपऱ्यावरच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडलेल्या दिसल्या, समोर पडदा. मला वाटलं, इथे दुसऱ्या मैदानावरची मॅच दाखवणार. मी पुढची जागा धरायला गेलो आणि भावजी पडद्यामागच्या सोफ्यावर जरा टेकले. (टेकले की काय होतं, ते तुला सांगायला नको.) थोड्या वेळाने पडदा उघडला, तर भावजी छातीवर हात ठेवून गाढ झोपलेले आणि भोवती सात-आठ माणसं श्वास रोखून उभी. तो सोफा गल्लीतल्या हौशी नाटकमंडळींचा होता आणि तालीम सुरू व्हायची होती. त्यांची दिग्दर्शिका दिवसा लोकांचे दात काढते. तिने मला तोंडावर बोट ठेवून गप्प केलं आणि मोबाईलवर काहीतरी बोलली. मोबाईलमधल्या दुभाष्याने मराठीत सांगितलं, "तुमचे मेहुणे उत्तम मयत आहेत."

(घाबरू नकोस, पुढे वाच.) त्यांच्या नाटकात दुसरा अंकभर एक मयत पडून असतं. आधीचं मयत सारखं शिंकायचं म्हणून त्याला काढलं होतं. भावजींना विचारलं. मला वाटलं, उखडतील. तर म्हणाले, "बघू या की करून." दुसऱ्या मॅचच्या दिवशी तालीम. तिसऱ्या मॅचच्या दिवशी रंगीत तालीम. मी हात जोडले, तर भावजी म्हणतात, "तू जा की. मी मरतो माझा इथे." आता असं म्हणणाऱ्या माणसाला एकटं कसं सोडू?

आणि प्रयोग नेमका फायनलच्या दिवशी! त्यातून पोलिसाचं काम करणारा बस ड्रायव्हर, त्याला स्टेडियमच्या जादा गाडीवर ड्यूटी लागली. त्याचा गणवेश माझ्या अंगाला बसला, म्हणून पोलीस मी. माझं फायनलचं तिकीट मी रडतरडत त्याच्या हातावर ठेवलं. (संध्याकाळी परत आल्यावर तो म्हणाला, खेळ फार सुंदर, कोण जिंकलं?)

पोलिसाने मयतासमोर टोपी काढून उभं राहायचं होतं. मी टोपी काढली नाही, कारण टोपीखाली कानात कॉमेंट्री चालू होती. अंक संपत आला तसं मयत ओठ न हलवता म्हणालं, "किती हवेत?"

"चार. एक बॉल."

"स्ट्राइकवर कोण?"

"शेवटचा."

"मेलो," मयत म्हणालं.

आणि खरंच, ताई, दांडी गुल. माझा बांध फुटला. इतक्या दिवसांचं सगळं घळाघळा वाहिलं. मयताच्याही डोळ्याच्या कडेने पाणी आलं. पुढच्या रांगेतल्या बायका हुंदके द्यायला लागल्या आणि पडदा पडला तेव्हा सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. दिग्दर्शिकेने मला मिठी मारली. दुभाष्या म्हणाला, "असेच अश्रू दर शनिवारी लागतील." टीम काल घरी परतली. आम्ही इथेच आहोत. मी हात टेकले आहेत.

तुझा हताश,
धाकटा

ता. क. भावजींना ओढून आण, असं मात्र कळवू नकोस. आज नाश्त्याला ते आपणहून बोलले. बराच वेळ. पोट न हलवता श्वास कसा घ्यायचा, त्यावर.

ता. क. दुसरा. पत्राचं खरं कारण लिहायचं राहिलं. मयताची बायको झालेली केमिस्टबाई छातीवर पडून आक्रोश करते, तेव्हा भावजी लाजतात. कानापर्यंत लाल होतात. दिग्दर्शिका म्हणते, असं मयत चालणार नाही. भावजींनी रात्रभर विचार करून उपाय सांगितला, की ते काम तुला द्यावं. वाक्य एकही नाही, नुसतं रडायचं आहे. अशुभ वगैरे म्हणू नकोस, नाटक आहे. मी त्यांना विचारलं, "आणि तिच्यासमोर नाही का हलणार?" तर म्हणाले, "लग्न झाल्यापासून कधी हललोय?" पासपोर्ट शोध आणि शनिवारच्या आत ये.