नाव घेणारा आवाज

॥ जय सेवालाल ॥
तांडा, पुसदजवळ
११ जानेवारी २०२६

ती. अंजूताईस,
प्रेमचा कृ. शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून तू हसशील. मोबाइल असताना हा बाबा पोस्टात कशाला गेला म्हणशील. पण ही गोष्ट मी फोनवर बोलणार नाही, कारण मला भीती फोनचीच आहे.

मागच्या उन्हाळ्यात एका कंपनीची मुलगी आपली बंजाऱ्यांची, आईला याडी म्हणणारी गोर बोली गोळा करायला तांड्यात आली होती. आपली याडी तीन दिवस तिच्या रेकॉर्डरपुढे बसून वाक्यं बोलली, कागदावर अंगठाही दिला. आषाढात याडी गेली. आता त्या कंपनीचा शेतीसल्ल्याचा नंबर आपल्या बोलीत सुरू झाला आहे आणि त्यावर, त्या वाक्यांवरून शिकलेल्या यंत्रातून, याडी बोलते. वाक्य संपलं की ती श्वास टाकायची ना, तोसुद्धा तसाच.

बापूंचं नाव तिथं नोंदवलेलं आहे, म्हणून फोन लावला की ती म्हणते, राम राम पूनमसिंग. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात याडीनं नवऱ्याचं नाव एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. पहिल्या दिवशी बापूंच्या हातून फोन पडला. आता रोज सकाळी दाढी करून, पटका बांधून फोनपुढे बसतात.

फोन ठेवताना ती सगळ्यांनाच म्हणते, वाट बघते आहे, लवकर या. बापूंनी बीपीच्या गोळ्या बंद केल्या त्याला आज नववा दिवस. आशा सेविका सत्यभामाबाई विचारायला आल्या, तर त्यांना म्हणाले की ते मले बलावून राह्यली, आता गोळ्या कायले. हसत सांगितलं गं, म्हणून मी जास्त घाबरलो.

तू वकील आहेस, काहीतरी कर. दोघा पोरांना माझा पापा.
तुझा,
प्रेम

नागपूर
१७ जानेवारी

चि. प्रेम यास अ. उ. आ.

तुझं अक्षर अजून सातवीतलंच आहे. वाचायला मला दोन चहा लागले.

आधी मी तो नंबर लावला. यंत्र आहे, यंत्र आहे, असं सात वेळा मनात म्हटलं. तिनं नाव विचारलं, मी सांगितलं. मग ती म्हणाली, अंजूजी, तुम्हाला काय माहिती हवी आहे. याडी मला आयुष्यात कधी ‘तुम्ही’ म्हणाली नव्हती. मी फोन ठेवला आणि त्या दिवशी कोर्टात एक तारीख चुकवली.

आता कायद्याचं. माणसाच्या माहितीवर त्याचा हक्क सांगणारा नवा कायदा आला आहे, पण तो टप्प्याटप्प्यानं लागू होतो आहे आणि त्यात मेलेल्यांची दखल फारशी नाही. मात्र आपल्या पश्चात निर्णय कोणी घ्यायचा, ते नाव आधी देऊन ठेवता येतं. अशा कंपन्या अर्जात तसा रकाना ठेवतात. याडीच्या पेटीत तिची प्रत असेल, ती शोध. ज्याचं नाव असेल त्याच्या सहीनं आवाज काढून टाकायला सांगता येईल. बापूंचं नाव असलं तर मात्र कठीण आहे, कारण ते सही करणार नाहीत.

गोळ्या भाकरीत कुस्करून दे. जीव लागून राहिलाय.
तुझी,
ताई

तांडा
२४ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

प्रत सापडली. त्या रकान्यात माझं नाव आहे.

पण ते चुकीनं पडलं आहे, ताई. मी तिथंच बसलो होतो. मुलीनं विचारलं की तुमच्यानंतर कोणाला विचारायचं. याडीनं पदर ओढला आणि म्हणाली, प्रेमेरो बाप. प्रेमचा बाप म्हणजे बापू; नवऱ्याचं नाव कसं घेणार ती? मुलीला आपली बोली तेव्हा नवीन होती. तिनं ‘प्रेम’ एवढंच ऐकलं आणि लिहिलं. मी नांगरटीच्या घाईत होतो, कागद वाचला नाही.

म्हणजे हक्क बापूंचा आणि कागद माझा. बापूंना हे कळलं आहे. काल त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. ते पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुस्करलेल्या गोळ्या त्यांनी ओळखल्या, भाकरी कुत्र्याला घातली. नवं धोतर धुऊन खुंटीवर ठेवलं आहे. कोणत्या दिवसासाठी ते सांगत नाहीत.

मी सही केली तर याडीला मीच दुसऱ्यांदा जाळल्यासारखं होईल. खोट्या कागदावर खरी सही चालते का, ते कळव.
प्रेम

नागपूर
२८ जानेवारी

चि. प्रेम यास अ. उ. आ.

चालते. कंपनी कागदावरचं नाव बघेल, याडीच्या मनातलं नाही. वकील म्हणून मी बापूंच्या बाजूनं उभी राहिले असते आणि कदाचित जिंकलेही असते. पण मला बाप जिवंत हवा आहे. अर्ज टाइप करून सोबत पाठवला आहे. सही कर, पाप माझ्या माथी.
ताई

तांडा
१९ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

आवाज बंद झाला. सोमवारी बापूंनी फोन लावला तर कोणी दुसरीच बाई बोलली. त्यांनी तिचं सगळं बोलणं ऐकून घेतलं, फोन ठेवला, पटका सोडला. मग गोळी मागून घेतली.

जेवतात, शेतात जातात. सत्यभामाबाई म्हणतात की बीपी चांगलं आहे. फक्त माझ्याशी बोलत नाहीत. परवा पाणी हवं होतं, तर भिंतीकडे बघून मागितलं. मी दिलं. जगले एवढं पुरे म्हणतो, पण पुरत नाही गं.

माया असू दे.
प्रेम

नागपूर
६ मार्च

चि. प्रेम यास अ. उ. आ.

हे पत्र वाचून चुलीत टाक.

कंपनीनं आपल्याला लेखी दिलं आहे की आवाज ‘या सेवेतून’ काढला. मी वकील असून ते दोन शब्द नीट वाचले नाहीत. मंगळवारी इथल्या एका दवाखान्याचा फोन आला, धाकट्याच्या लसीची आठवण करून द्यायला. याडी बोलत होती. शुद्ध मराठीत बोलत होती, जी तिला कधी धड आली नाही. वाक्य संपल्यावर तोच श्वास.

मुलाला आणणार का, तिनं विचारलं. हो म्हटलं. पुढेही फोन केलेला चालेल का, विचारलं. त्यालाही हो म्हटलं. अशा होकाराविरुद्ध मी लोकांचे खटले लढवते.

दुसरा अर्ज तयार आहे, फक्त तुझी सही हवी. तीन दिवस झाले, माझ्या टेबलावर पडून आहे. या पाकिटात घालायला घेतला होता. घातला नाही.

आज सकाळी मी केस विंचरून फोनपुढे बसले होते. बापूंवर रागावू नकोस.

तुझी,
ताई