सरांची शाल

गुरुवार, संध्याकाळ

अंगाची लाही होतेय. आज कॉलेजात आमच्या विभागप्रमुखांचा सत्कार झाला. निवेदिका म्हणाली, "माती, लिंबू, दूध, तिन्ही विषयांतल्या सरांच्या संशोधन-पेपरांचे दाखले जगभर दिले जातात." दिले जाणारच! विभागातून जाणाऱ्या प्रत्येक पेपरवर सरांचं नाव पहिलं, हा इथला रिवाजच. नेवाशाच्या शेतांतली माती मी तपासली. श्रीगोंद्याच्या लिंबूबागांत माझ्या सहकाऱ्याने, शेखने, उन्हाळे काढले. सर तिथे एकदाच आले, तेही फोटोपुरते. आणि माझी बढती अडवताना हेच सर म्हणाले होते, "मॅडम, तुमचं स्वतःचं असं काम दिसत नाही."

कसं दिसेल? सत्कारात सरांच्या खांद्यावर घातलेली ती शाल डोळ्यांपुढून हलत नाही.

शेजारी बसलेला शेख पुटपुटला, "लई झालं, मॅडम. उठून बोलतोच आता." मीच त्याला खाली बसवलं. का बसवलं?

शेवटी एका विद्यार्थिनीने विचारलं, "सर, लिंबाच्या पेपरात नेमकं काय सापडलं?"

सरांनी शाल सावरली आणि हसत माझ्याकडे बोट केलं. "ते या मॅडमच सांगतील. त्यांनीच मदत केली होती."

मी मातीवाली. लिंबावर आयुष्य घालवलेला माणूस माझ्या शेजारी बसला होता.