जिन्यावर दिलेला शब्द

७ मार्च

हे दुपारी पोलीस चौकीतून आले ते थेट आंघोळीला. बाहीवर रक्त! "माझं नाही," एवढंच. ह्यांचं बोलणं म्हणजे सूत्रवाङ्मय, भाष्य मी करायचं.

जेवताना उलगडलं. मागच्या गल्लीतला घड्याळजी, बायको वारल्यापासून हरवल्यासारखा, सुरी घेऊन माडीवर कोंडून बसला होता — स्वतःला संपवायला. दार ढकलायला गेलेल्या हवालदाराच्या हातावर वार बसला. मग ह्यांनी सगळ्यांना खाली पाठवलं आणि जिन्यावर बसून बंद दाराशी बोलत राहिले. माझ्याशी चार वाक्यं बोलायला रविवार लागतो! शेवटी म्हणाले, "सुरी टाक, बाहेर ये. केस होणार नाही, माझा शब्द."

आला बिचारा. हातकडी न घालता इस्पितळात नेला.

८ मार्च

ह्यांना वरच्या साहेबांनी झापलं. हातकडी नाही, इस्पितळात नेलं — ते कायद्याला धरूनच. पण "केस होणार नाही" हे कुणाच्या अधिकारात? पोलीस जखमी झालाय, गुन्हा नोंदवावाच लागेल.

मी म्हटलं, "जुन्या नाटकांतले राजे वचनासाठी राज्य सोडायचे."

"त्यांना वरिष्ठ नव्हते."

हसले मात्र नाहीत.

९ मार्च

गुन्हा नोंदवला. ह्यांनीच.

११ मार्च

हवालदार पट्टी बांधलेला डावा हात सांभाळत चहाला आला. "वहिनी, माझा राग नाही हो त्याच्यावर. पण माझ्या रागालोभाला विचारतंय कोण!" बशी डाव्या हातात धरता येईना. मी धरली.

१३ मार्च

डॉक्टरांना विचारून हे इस्पितळात गेले. केस झाल्याचं दुसऱ्या कुणाच्या तोंडून घड्याळजीला कळायला नको म्हणून.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, साहेब, तेव्हा खोटं बोलत होतात का? मी म्हटलं, नाही रे, बोलताना खरंच वाटत होतं. तर त्यानं उठून मलाच पाणी दिलं."

ह्यावर मी भाष्य केलं नाही.

१७ मार्च

कोर्ट जामीन द्यायला तयार आहे, पण हमी घ्यायला कुणीतरी हवं. त्याच्या मेहुण्यानं हात वर केले. हे तर केसमधले साक्षीदार, ह्यांना जामीन राहता येत नाही. जामीनदार नाही म्हणजे इस्पितळातून सरळ तुरुंग. तिथे त्याच्याशी दाराबाहेर बसून कोण बोलणार?

हे नुसते येरझाऱ्या घालताहेत.

१८ मार्च

त्याच्या वकिलांना विचारलं, "साक्षीदाराची बायको जामीन राहिली तर चालतं का?" ते आधी चष्म्यावरून बघतच राहिले. मग म्हणाले, "मनाई कुठे लिहिलेली नाही. पण तुमच्या साहेबांना खात्यात जड जाईल."

घर माझ्या नावावर आहे. जामीनपत्रावर सही करून आले.

ह्यांना अजून सांगितलेलं नाही.