बासष्ट लाल डगले

सावली, ता. ८ डिसेंबर १९५७

श्री. लटारूभाऊ यांस,
मुखरूचा रामराम.

इकडील सर्व ठीक. धान कापून झालं, मळणी अर्धी राहिली आहे. राजुऱ्याला तुमचं खाणीतलं काम बरं चाललं असेल, वहिनी आणि लेकरं खुशाल असतील. तीन वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही आणि आज लिहितो आहे, म्हणून हस्ताक्षर पाहून पत्र फाडू नका.

विचारायचं होतं ते रंगाचं. तुमचे बाबा तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलांना गेरूचा लाल रंग देत, तो ओल्या हातालाही लागत नसे. त्यात सरस किती घालत, आणि वरून लाखेचं रोगण एकदा देत की दोनदा? धुरपता तुमचीच बहीण, तिला विचारलं असतं, पण तिला आता आठवत नाही.

आमच्या शिपायांबद्दल तुम्ही ऐकलं असेल. चांद्याला एक मेजरसाहेब राहतात, लढाईवरून परतलेले. त्यांच्याकडे सागवानाचं मोठं टेबल आहे. त्यावर हिरवी चादर घालून, खाली विटा ठेवून टेकड्या करतात आणि फासे टाकून लढाई खेळतात. मोठ्या माणसांचा खेळ आहे, नियमांची वहीच आहे त्यांची. पोळ्याच्या बाजारात त्यांनी आमचे बैल पाहिले आणि दोन बोटं उंचीचे शिपाई करून मागितले. एक फौज निळी, एक लाल. दोनशे चाळीस नग.

शिवणीच्या लाकडाचे शिपाई मी कोरले. रंगकाम धुरपतेचं. बैलाला रंग देणं वेगळं, भाऊ, आणि तांदळाएवढ्या तोंडावर डोळे काढणं वेगळं. आधी खडू आणि सरसाचं अस्तर, ते वाळलं की सफेदा. निळ्या डगल्याला नीळ. लाल डगल्याला आधी गेरूच दिला होता, पण मेजरसाहेब म्हणाले, मळका दिसतो, विस्तवासारखा हवा. म्हणून मी शेंदूर आणला. मग धुरपता पातळ काजळी अंगभर फिरवून चिंधीनं पुसायची. काळं नुसतं घड्यांत उरायचं आणि डगला अंगावर घातल्यासारखा दिसायचा. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. चेहरे तर बाजारातल्या माणसांचे काढायची. निळ्या फौजेतला निशाणवाला हुबेहूब तुम्ही आहात, मिशीची एक बाजू वर.

खारीच्या शेपटीच्या केसांचा ब्रश, त्याला टोक हवं. ते ती ओठांत धरून करायची. डोळ्याला एकदा, भुवईला एकदा, डगल्याच्या काठाला एकदा.

इकडील सर्व ठीक असं मी वर लिहिलं. ते खोटं आहे.

तुम्ही शेवटचे आमच्याकडे आलात त्या दिवशी शेंदराची वाटी पाहिली होती. म्हणालात, "बाबानं शेंदूर कधी घरात येऊ देला नाई. काऊन आणला? अन् हे तोंडात नेते." मी म्हणालो, "तुमाले तिचं नाव झालेलं पाहवत नाई." तुम्ही ताटावरून उठून गेलात. ती तुमच्यामागे फाटकापर्यंत धावली. मी तिला परत बोलावलं.

त्यानंतर तिची दोन बाळंतपणं अर्ध्यातच गेली. पोटात कळा यायच्या, तोंडाची चव गेली होती. यंदा शिमग्याच्या आधी तिला चांद्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तिचा ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. हिरड्यांच्या काठानं निळी रेघ होती. तिला बाहेर बसवून त्यांनी मला विचारलं, "रंगकाम करते का?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "शेंदूर आणि सफेदा दोन्ही आजपासून बंद. शिसं आहे त्यात. पोटात साठतं. आता थांबली तर बरी होईल."

परतताना मोटारीत तिनं विचारलं, "काय म्हणाले?"

मी म्हणालो, "कमजोरी आहे. ताकदीची दवा देली."

लाल फौजेचे बासष्ट शिपाई राहिले होते. रामनवमीला मेजरसाहेबांचे मित्र जबलपूरहून खेळायला यायचे होते. भाऊ, घरात खायला नव्हतं असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं नव्हतं. आधीचे शिपाई पाहून मेजरसाहेबांनी मला खुर्ची दिली होती आणि पाहुण्यांना सांगितलं होतं, हे आमचे कारागीर. जन्मभर मी बैलवाला मुखरू होतो. मला पुन्हा त्या खुर्चीवर बसायचं होतं. वाटलं, महिनाभरानं असं काय होईल.

तिनं बासष्टही पुरे केले. ती ब्रश ओठांत धरायची तेव्हा मी दुसरीकडे पाहायचो. एकदाच म्हणालो, "पाण्यानं टोक कर ना." ती हसली, "पाण्यानं केस फाकते."

रामनवमीला मी टेबलाजवळ उभा होतो. फासे पडले की शिपाई उचलून खोक्याच्या झाकणात आडवे टाकायचे. दुपारपर्यंत लाल फौज बहुतेक झाकणातच होती. सगळे वाहवा करत होते. मी घरी आलो तर धुरपता चुलीपाशी बसली होती, उजवा हात मांडीवर. म्हणाली, "पंजा उचलूनच नाई राह्यला." दंड हलत होता, मनगटापासून खाली हात चिंधीसारखा लोंबत होता. तो अजून तसाच आहे. दिवाळीत डावाही गेला.

तेव्हा पुन्हा दवाखान्यात नेलं. डॉक्टर तिच्यासमोरच मला म्हणाले, "मी फेब्रुवारीत सांगितलं होतं ना?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुमाले मालूम होतं?"

मी म्हणालो, "हो."

"अन् मले नाई सांगतलं."

त्यानंतर तिनं मला दुसरं काही विचारलं नाही. घास मी भरवतो, ती खाते. वेणी शेजारच्या शकुबाई घालून देतात. माझ्या हातानं घालून घेत नाही.

आता झटके येतात. गेल्या सोमवारी तीनदा आले. डॉक्टर म्हणतात, शिसं डोक्यात गेलं, आता हातात काही नाही, पौष निघणं कठीण. कधी मला ओळखते, कधी परका समजून पदर ओढायला पाहते आणि हात उठत नाही म्हणून रडते. काल सकाळी शुद्धीवर होती. शकुबाईंना म्हणाली, "लटारूदादाले बलावा. तो रागावला आहे, पण येईन." मी दारातच उभा होतो.

गेरूचं विचारलं ते उगाच. मी आता काही रंगवणार नाही. खरं लिहायला कुठून सुरुवात करावी ते कळत नव्हतं.

भाऊ, लवकर या. मूल गावापर्यंत रेल्वेगाडी आहे, तिथून सावलीची मोटार मिळते. तुम्ही असाल तोवर मी घरात थांबणार नाही, शकुबाईंच्या ओसरीवर राहीन. तिच्याजवळ बसा. मला जे म्हणायचं ते नंतर म्हणा, किंवा काहीच म्हणू नका. तिनं मला माफ केलं असं मी तुम्हाला सांगणार नाही. ती तसं म्हणाली नाही, आणि मी माफी मागितलेलीही नाही.

तुमचा मेहुणा असं लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतंच
मुखरू